बट्टा, कस आणि एक इंग्रजी क्रियापद

इंग्रजांनी आपल्याकडून उचललेले शब्द मोजायला बसलं की हाती लागतात ती बहुतेक नामं. बंगला, चटणी, पायजमा. वस्तू नवी होती, तिला घरचं नाव नव्हतं, तेव्हा आपलंच नाव उचललं. क्रियापदं मात्र फार थोडी गेली. लुटणं गेलं, चंपीतून आलेलं ‘शांपू’ गेलं, आणि आणखी एक गेलं होतं ते आता खुद्द इंग्रजही जवळजवळ विसरले आहेत. ते म्हणजे ‘टू श्रॉफ’. मूळ शब्द आपला सराफ, त्याच्याही मागे अरबी ‘सर्राफ’. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश १८८६ साली निघाला, त्यात ‘श्रॉफ’ या नामाखाली या क्रियापदाची वेगळी नोंद आहे. तिचा मथितार्थ असा : नाना तऱ्हेचे रुपये समोर घ्यायचे, टाकाऊ ते बाजूला काढायचे, उरलेल्यांपैकी कोणत्यावर किती बट्टा बसतो ते ठरवायचं आणि सगळ्या ढिगाची किंमत एका ठरलेल्या नाण्यात सांगायची. पुढे अर्थ पसरला. माणसं, घोडे, ऐकीव हकिकती यांतून चांगलं निवडून हिणकस टाकणं यालाही हिंदुस्थानातले इंग्रज ‘श्रॉफ करणं’ म्हणू लागले. आता प्रश्न असा, की कस पाहणं, तोलणं, मोल ठरवणं यांसाठी इंग्रजीत अस्सल घरची क्रियापदं असताना हे उसनं कशाला लागलं? माझ्या मते त्याचं कारण त्या तिन्ही क्रियापदांच्या पोटातल्या एका गृहीतात आहे. वस्तूची किंमत वस्तूतच दडलेली असते, ती फक्त शोधून काढायची, असं ती धरून चालतात. सराफाचं काम तसं नव्हतं. तो एका रुपयाची किंमत दुसऱ्या रुपयाच्या शेजारी ठेवून सांगत असे. तीही या बाजारात, आजच्या दिवशी, या देण्यासाठी. या तुलनेला इंग्रजीत शब्द नव्हता, म्हणून तो घ्यावा लागला.

हे नीट कळायचं तर रुपया म्हणजे रुपया ही आपली सवय घटकाभर बाजूला ठेवायला हवी. मोगलांच्या नाण्यावर बादशहाच्या राज्यारोहणापासूनचं साल कोरलेलं असे. चालू सालाचा रुपया तो ‘सिक्का’, पूर्ण किमतीचा. साल उलटलं की तोच रुपया उतरे. अठराव्या शतकातल्या बंगालचा परिपाठ असा, की दुसऱ्या वर्षी शेकडा ३ आणि तिसऱ्या वर्षापासून शेकडा ५ बट्टा. चांदीचा रुपया एका वर्षात शंभराला तीन या मानाने झिजत नाही, हे कुणालाही कळेल. म्हणजे हा बट्टा झिजेचा नव्हता. रुपया तोच, चांदी तीच, वजनही जवळपास तेच, फक्त दिनदर्शिका पुढे सरकली होती. त्यात प्रत्येक सुभ्याची, प्रत्येक टांकसाळीची तऱ्हा निराळी. सुरतेचा रुपया एका भावाने, अर्काटचा दुसऱ्या भावाने. अशा वेळी कसोटीचा दगड आणि तराजू घेऊन बसलेला माणूस चांदी किती आहे एवढं सांगू शकतो. पण रुपया कितीला जाईल हे सांगायला त्याला बाजार ठाऊक असावा लागतो. ‘ऐन-इ-अकबरी’त अबुल फजलने टांकसाळीतल्या माणसांची यादी दिली आहे, तीत दारोगा आहे, तोलणारा आहे आणि ‘सैरफी’ही आहे. नाण्याची प्रत ठरवणाऱ्या या सैरफीच्या अनुभवावर सगळ्या खात्याची भिस्त असल्याचं तो लिहितो. तोलणारा वेगळा आणि पारखणारा वेगळा, ही कामाची वाटणी अकबराच्या काळातच झाली होती.

गोव्यात हा माणूस परदेशी पाहुण्यांच्या डोळ्यांत भरला तो सोळाव्या शतकातच. लिन्सखोटेन हा डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याच्या प्रवासवृत्तात रस्तोरस्ती बसलेले ‘शराफ’ आहेत. पार्दांव नाण्यात चांगले आणि वाईट असे दोन प्रकार चालत, त्यामुळे सौदा करतानाच कोणते पार्दांव द्यायचे ते बोलून घ्यावं लागे, असंही तो सांगतो. ही बोली महत्त्वाची. वाईट पार्दांव खोटं नव्हतं, ते चालत होतं, फक्त त्याचा भाव वेगळा होता. पुढच्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिरा हिंदुस्थानात वारंवार आला. ज्या गावात सराफ नाही ते गाव अगदीच लहान समजावं, असं त्याने लिहून ठेवलं. पैशाच्या व्यवहारात तुर्कस्तानातले यहुदी सर्वांत चतुर गणले जात, पण ते या सराफांपुढे जेमतेम उमेदवार शोभले असते, हा त्याचाच शेरा. कसोटीच्या दगडाची त्याने दिलेली एक बारीक हकिकत मला सगळ्यांत बोलकी वाटते. सोन्याचा कस पाहायचा तर काळ्या दगडावर रेघ ओढायची आणि माहीत असलेल्या कसाच्या काडीची रेघ तिच्या शेजारी ओढून दोन रेघांचा रंग ताडायचा. काम झालं की युरोपातला सोनार दगड पुसून टाकी. हिंदुस्थानी सराफ काळी राळ आणि मेण निम्मं निम्मं मिसळून केलेला गोळा त्या रेघांवरून फिरवी. काही वर्षांनी तो गोळा जाळायचा, की तळाला सोनं उरे. हा चिकटपणा म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण ज्याचा सगळा धंदा एक-दोन टक्क्यांच्या फरकावर चालतो, त्याला दगडावरची रेघसुद्धा सोडून चालत नाही. आणि मुद्दा गोळ्याचा नाहीच, दुसऱ्या रेघेचा आहे. कसोटीवर एकटी रेघ मुकी असते. शेजारची रेघ पडली की ती बोलते.

मराठी मुलखात याच कामाला दोन नावं होती. बाजारात सराफ, सरकारात आणि गावकीत पोतदार. खजिन्यात येणारा प्रत्येक पैसा पारखणारा अंमलदार आणि गावचा सोनार, असे पोतदाराचे दोन्ही अर्थ मोल्सवर्थच्या कोशात नोंदले आहेत. ते दोन नव्हेत, एकच आहे. गावचा सोनारच वसुलाच्या वेळी चावडीवर बसून रुपये वाजवून घेत असे. बोटाच्या टोकावर रुपया धरून नखाने उडवायचा, नाद ऐकायचा, शंका आली तर दगडावर आपटायचा, कड चाचपायची, कुणी कानस फिरवली का पाहायची, शेवटी तराजू. आपल्या बोलण्यातलं ‘खणखणीत नाणं’, ‘वाजवून घेणं’, ‘कसाला उतरणं’ हे सगळं या चावडीवरचं आहे. पोतदाराला कामही भरपूर होतं, कारण पेशवाईत टांकसाळ हा सरकारचा एकट्याचा कारखाना नव्हता. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ साली मराठी राज्यातल्या नाण्यांवर आणि टांकसाळींवर रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेपुढे निबंध वाचला, त्यात खासगी माणसांना नाणी पाडायचे परवाने कसे दिले जात आणि हिणकस नाणं पाडल्यास काय होई याचे तपशील पेशवे दप्तरातून काढून दिले आहेत. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, असे रुपये शेजारी शेजारी चालत. तेव्हा वसुलाची रक्कम ‘इतके रुपये’ एवढं लिहून पुरी होत नसे. कोणते रुपये, आणि त्यांवर बट्टा किती, हे लिहिल्याशिवाय हिशेब मिटत नसे. कमी धरलं तर बट्टा, वर द्यावं लागलं तर वर्ताळा. यातला बट्टा हा शब्द नाण्यांवरून उठून माणसाच्या नावाला लागला तो आजतागायत निघालेला नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जुना आहे. या तुलनेची गरज सराफानेच निर्माण केली. गोंधळ राहावा यातच त्याचा फायदा होता. तेव्हा ‘श्रॉफ करणं’ म्हणजे सभ्य भाषेत नाडणं. कंपनीच्या कागदपत्रांत ही तक्रार पानोपानी आहे. बंगालच्या नाण्यांचं काय करावं म्हणून कंपनीने सर जेम्स स्टुअर्ट या अर्थशास्त्र्याला विचारलं आणि त्याने १७७२ साली त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. आक्षेपातला खरा भाग आधी कबूल करू. ज्या गावात पारखणारा एकच, तोच सावकाराचा मिंधा, आणि वसुलाची तारीख उद्यावर आलेली, तिथे रयतेच्या रुपयावर लागेल तो बट्टा निमूट सोसावा लागे. दहा रुपये देऊन साडेनऊ जमा झाल्याचं दुःख खोटं नव्हतं. पण बट्ट्याला एक छप्पर होतं आणि ते सराफाने घातलेलं नव्हतं. मोगली टांकसाळ कुणालाही खुली असे. जुना रुपया नेऊन दिला, घडणावळ आणि सरकारचा वाटा भरला, की नवा सिक्का मिळे. नव्याने पाडून घ्यायला येणाऱ्या खर्चापेक्षा बट्टा जास्त झाला असता तर लोकांनी सराफाकडे न जाता टांकसाळच गाठली असती, निदान शहरात तरी. म्हणजे दरवर्षी साल बदलून जुन्या नाण्याला हलकं ठरवणारं आणि टांकसाळीवर हक्क घेणारं सरकार हे या बट्ट्याचं मूळ होतं. सराफ त्या अंतरात दुकान मांडून बसला होता. सरकारलाही हे कळत होतं, कारण कंपनीने उपाय केला तो सालावरच. १७९३ च्या कायद्याने बंगालच्या रुपयावर शाह आलमचं १९ वं साल कायमचं ठरलं. तो बादशहा १८०६ साली वारला, तरी बंगालचे सिक्के आपले १९ व्या सालातच पाडले जात राहिले. नाण्यावरचं साल खोटं केलं तेव्हा कुठे सालाचा बट्टा थांबला! सुरती, अर्काटी, फर्रुखाबादी यांचा आपसांतला बट्टा मात्र चालूच राहिला, कारण त्याचं मूळ सालात नव्हतं.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूचा. ही पूर्वेकडची अनागोंदी होती, इंग्लंडात कायदा होता, म्हणून तिकडे असा शब्द नव्हता. यातला उत्तरार्ध खरा आहे, पूर्वार्ध नाही. इंग्लंडातही १६९५ साली चांदीचे शिलिंग कडेने कातरून इतके हलके झाले होते, की सोन्याची गिनी ३० शिलिंगांना जात होती. पुढच्या वर्षी सगळी चांदी परत बोलावून नवी नाणी पाडावी लागली, आणि त्याच कामाच्या धामधुमीत आयझॅक न्यूटन टांकसाळीवर रुजू झाला. म्हणजे अनागोंदी तिकडेही होती. फरक असा, की तिथला कायदा कातरलेल्या शिलिंगालाही शिलिंगच म्हणत राहिला. कायदा दोन नाण्यांत भेद करायला तयार नसेल तर तो भेद सांगणारा माणूस उघडपणे दुकान थाटू शकत नाही. आपल्याकडे तो भेद उघड होता, लिहिला जाई, त्याचा दर ठरे, त्याबद्दल मेहनताना मिळे. त्या मेहनतान्यालाही इंग्रजांनी ‘श्रॉफेज’ असा शब्द पाडला. कोणती पद्धत जास्त प्रामाणिक हे ज्याचं त्याने ठरवावं. मला तरी भाव सांगून हलकं नाणं घेणारा सराफ हा, हलक्या नाण्याला जड म्हणवून घेणाऱ्या कायद्यापेक्षा बरा वाटतो.

१८३५ च्या १७ व्या कायद्याने कंपनीने साऱ्या मुलखासाठी एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, वर विल्यम राजाचा मुखवटा. मुंबईच्या टांकसाळीत वाफेची यंत्रं होतीच. यंत्रातून निघालेल्या या रुपयाला लोकांनी नाव दिलं कलदार. या रुपयाने सराफाचं काम काढून घेतलं असं पुस्तकांत लिहितात, पण मला वाटतं सरकारने ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं, एवढंच. पूर्वी हजार सराफ रोज जी तुलना करत होते, ती सरकारने एकदाच करून टाकली आणि तिचा निकाल नाण्यावर छापला. निकाल किती पक्का होता पाहा : १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, आणि ८० तोळ्यांचा शेर. घरोघरच्या तागडीत वजन म्हणून रुपयाच पडू लागला आणि ‘रुपयाभार’ हे माप बायकांच्या तोंडी बसलं. ज्या वस्तूला काल दुसऱ्या रुपयाशी ताडून घ्यावं लागत होतं, तिच्याशीच आता हळद आणि केशर ताडलं जाऊ लागलं. मराठवाड्यात मात्र दोन रुपये आणखी शंभरावर वर्षं शेजारी नांदले. निजामाचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. शेवटी शेवटी हिशेब ठरून गेला होता, ७ हाली म्हणजे ६ कलदार. ६० कलदार हवे तर ७० हाली मोजा. हैदराबाद संस्थान विलीन झाल्यावर १९५० च्या दशकात हाली चलनातून गेला. पण भाव एकदा ठरला की ती त्रैराशिकाची बाब होते. शाळकरी पोरही सोडवतं. तिथे सराफ लागत नाही.

म्हणूनच हिंदुस्थानात हे क्रियापद मरत असताना चीनमध्ये ते जोरात होतं, ही गोष्ट माझ्या म्हणण्याला सगळ्यांत जास्त बळ देते. कँटन आणि शांघायच्या पेढ्यांवर मुंबईचे पारशी आणि इंग्रज व्यापारी गेले ते हा शब्द बरोबर घेऊन. तिथे स्पेनचे डॉलर, मेक्सिकोचे डॉलर आणि चांदीच्या लगडी असा सगळा मेळ होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिकडच्या बाजारात स्पेनच्या मेलेल्या कार्लोस राजाच्या मुखवट्याचा डॉलर जास्त भावाने जाई आणि जवळजवळ तेवढीच चांदी असलेला मेक्सिकोचा गरुडछाप डॉलर कमी भावाने. पुन्हा तेच. कस सारखा, किंमत वेगळी. तिथले चिनी श्रॉफ पारखलेल्या डॉलरवर आपली मुद्रा ठोकत. ठोकून ठोकून काही डॉलरांची वाटी होई. जाइल्स या चिनी भाषेच्या पंडिताने १८७८ साली लिहिलं आहे, की कँटनमध्ये हे काम शिकवणाऱ्या शाळाच आहेत. तिथले गुरुजी पोरांच्या सरावासाठी मुद्दाम खोटे डॉलर जपून ठेवत, आणि आतली चांदी कोरून तांबं वा शिसं कसं भरतात याची चित्रं असलेली पुस्तकंही मिळत. एकच नाणं असलेल्या देशात अशी शाळा कोण काढील? चीनने चांदीचं ‘टेल’ हे हिशेबी माप १९३३ साली बंद केलं आणि क्रियापदाचा तो शेवटचा आसराही गेला. हाँगकाँगमध्ये नाम तेवढं उरलं. तिथल्या वाहनतळांवर पैसे भरायच्या खिडकीवर अजूनही ‘श्रॉफ’ अशी पाटी असते. आपल्याकडे ते आडनावांत उरलं : सराफ, श्रॉफ, पोतदार, पारेख. सराफ या शब्दाचा आजचा अर्थ दागिने विकणारा, त्यात नाण्याची अदलाबदल कुठेच नाही. १९४४ साली ब्रेटन वुड्सला जगभरच्या चलनांचे परस्पर भाव ठरवायची बैठक भरली, तेव्हा हिंदुस्थानच्या प्रतिनिधींत मुंबईचे अर्देशिर दाराबशॉ श्रॉफ होते. आडनावाने इतकं चपखल काम क्वचित केलं असेल.

या सगळ्याचा पुरावा कुठे शोधायचा, हा प्रश्न उरतो. गोव्यात जन्मलेले आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले दामोदर कोसंबी यांनी एक वाट दाखवून दिली. तक्षशिलेच्या ठेव्यातली आहत नाणी त्यांनी हजारोंनी तोलली. नाण्याच्या मागच्या बाजूला बारीक खुणा ठोकलेल्या असत. खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, असं त्यांना आढळलं. त्यांचा निष्कर्ष असा, की हे शिक्के राजाचे नव्हेत. व्यापारी ठरावीक काळाने नाणी तपासत आणि तपासल्याची खूण ठोकत. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या सराफांनी चांदीवरच आपली वही लिहून ठेवली होती. त्या निष्कर्षावर वाद आहेत, पण रीत बिनतोड आहे : सराफाबद्दल इतरांनी काय लिहिलं ते वाचण्यापेक्षा सराफाने काय केलं ते पाहावं. मी वर जे साक्षीदार उभे केले त्यांतले बहुतेक बाहेरचे आहेत. प्रवासी, कंपनीचे अंमलदार, कोशकार. खुद्द सराफांनी आणि सावकारांनी लिहिलेलं अमाप आहे, पण ते मोडीत आहे, रोजकिर्दीत आणि खतावण्यांत आहे, आणि जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर कसरीचं खाद्य होऊन पडलं आहे. त्या वह्यांत नाण्याचं नाव, तारीख आणि त्या दिवशीचा बट्टा ओळीने लिहिलेला असतो. तुमच्या घरी लाल बासनातल्या अशा वह्या असतील, तर वाडा पाडायला काढण्याआधी त्या मोडी वाचणाऱ्या एखाद्याला दाखवा; रद्दीवाला त्या किलोवर घेईल.